सव्वा महिना : एका दीर्घकथेच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, सांगली

संपादकांचा होकार आला. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा, बारा हजार शब्दांच्या आत, जुलैअखेर हातात हवी. विषय फोनवर सांगितला, "बाळंतपणानंतरचे पहिले तीन महिने." ते म्हणाले, "वा, मातृत्व! छान." मी पुढे काही बोलले नाही. पहिल्याच दिवशी वाद नको.

कामचलाऊ नाव 'सव्वा महिना'. नायिका स्नेहल, वय २९, बँकेत नोकरी, सासर कोल्हापूर, माहेर सांगली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. ह्या वहीत कामाचंच लिहायचं: काय लिहिलं, काय खोडलं, का खोडलं. माझं स्वतःचं बाळंतपण कथेत आणायचं नाही. ते २०११ सालचं. त्यावर धूळ बसली आहे, बसलेलीच बरी.

१९ जानेवारी

एका बैठकीत अठराशे शब्द. काळ ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ ची. स्नेहल गावभागात, बाळ नऊ दिवसांचं, खालच्या मजल्यात पाणी, बाळ-बाळंतिणीला होडीतून बाहेर काढतात. होडीत बसल्यावर स्नेहल रडते. छान जमलंय. फारच छान जमलंय, आणि असं झालं की मला माझाच संशय येतो.

२ फेब्रुवारी

पूर काढून टाकला. अठराशेचे पाच हजार झाले होते, सगळे गेले.

कारण लिहून ठेवते, नाहीतर जुलैत परत मोह होईल. पुरात अडकलेली बाळंतीण रडली तर वाचक म्हणणार, रडणारच बिचारी. त्याला कारण मिळालं की तो सुटला, मीही सुटले. मला लिहायची आहे ती बाई जिच्या आसपास कारण म्हणावं असं काहीच नाही. घर कोरडं आहे. बाळ तीन किलोचं, धडधाकट. नवरा बरा आहे, दर शनिवारी कोल्हापूरहून येतो, रिकाम्या हातानं येत नाही. आई हौसेनं करतेय: डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेगडी, धुरी, न्हाऊ घालायला लावलेली बाई. आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. "तुला काय कमी आहे?" ह्या प्रश्नाला जिच्याकडे उत्तर नाही, ती स्नेहल.

काळ आता २०१८ चा जानेवारी. विश्रामबागेतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, द्राक्षांचे दिवस, स्वच्छ ऊन. काहीही वाईट न झालेलं वर्ष.

शिवाय, ज्यांनी तो पूर खरोखर अंगावर घेतला, चिखल उपसला, त्यांना तो कुणा नायिकेच्या मनाची उपमा म्हणून वापरलेला आवडलाही नसता.

९ फेब्रुवारी

सासूसुद्धा काढली. म्हणजे आहे, पण बारशापुरती. येते, बाळाला वाळे घालते, गोड बोलते, जाते.

आपल्या कथांत नव्या आईला छळायला सासू आयतीच हजर असते. पण पहिलं बाळंतपण माहेरी. पहिल्या सव्वा महिन्यात चोवीस तास उशाशी असते ती स्वतःची आई. सासूची तक्रार करायला आई असते. आईची कुणाकडे करायची? आणि तक्रार तरी कसली, ती बिचारी पहाटे चारला उठून पाणी तापवते. तिच्या पायांना सूज आहे. तिच्या प्रत्येक लाडवाबरोबर स्नेहलच्या डोक्यावर एकेक वीट चढते, आणि खाऊन "छान झालाय" म्हणावं लागतं.

इथं कथा आहे असं पहिल्यांदा वाटलं.

१६ फेब्रुवारी

आईवरचं मराठीतलं पुन्हा वाचायला काढलं. यशवंतांची 'आई' (यशवंत आपल्या शेजारचे, सातारा जिल्ह्यातल्या चाफळचे), माधव जूलियनांची 'प्रेमस्वरूप आई', साने गुरुजींचं १९३५ चं 'श्यामची आई'. शाळेत असताना ह्या तिन्हींवर मी मनापासून रडलेली आहे, त्यामुळे टवाळी करायची नाही.

पण एक गोष्ट लहानपणी कशी लक्षात आली असणार? तिन्ही ठिकाणी बोलतंय ते लेकरू, आणि बोलतंय तेव्हा आई जवळ नाही. आई म्हणजे जिला हाक मारायची ती. हाक ऐकणारी काय म्हणत होती, थकली होती का, वैतागली होती का, पहिल्या महिन्यात तिला हे पोर आपलं वाटत होतं का, हे विचारायची सोयच त्या रचनेत नाही. मोठी झालेली मुलं आईचं लिहितात तेव्हा त्यांना स्वतःचे पहिले तीन महिने आठवत नसतात. म्हणजे ज्या काळाची साक्षीदार एकटी आईच, तो काळ आपण दुसऱ्यांकडून लिहून घेतला.

२ मार्च, तासगाव

आत्याकडे. वय ७८, कान तिखट. बेदाण्याच्या शेडवरच्या बाया घरी जाईपर्यंत ओसरीवर बसून होतो. बाळंतपणं पाच, वाढली चार.

"आमच्या येळंला असलं काय नव्हतं," ह्या वाक्यानं सुरुवात. एक तास भाव, पाऊस, सून. मग अचानक, मी वही मिटल्यावर: तिसऱ्या वेळी तिनं आठ दिवस पोराला अंगावर घेतलंच नाही. जाऊबाईचं तान्हं होतं, तिनं दोघांना पाजलं. घरच्यांनी ठरवलं, बाहेरचं झालंय. देवर्षी आला, लिंबू उतरून टाकलं.

"मग बरं कसं वाटलं?"

"बरं वाटलं का न्हाई, कुणी इचारलं गं? पेरणी आली."

हे वाक्य कथेत घेणार नाही. माझ्या कुठल्याही पात्राला ते पेलणार नाही.

जात्याचा विषय तिनंच काढला. पहाटे तीनला, घर झोपलेलं असताना. "जात्याला सांगायचं. जातं कुणाला सांगत न्हाई." गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या चाळत होते तेव्हा मला वाटायचं की बायकांना गायची हौस होती. आत्या म्हणते हौस नव्हे, जागा होती. पुढे गावात गिरणी आली, कष्ट गेले, त्यात वाईट कुणाला वाटेल? पण माणसांना न सांगता सांगायची ती एक जागा गेली ती गेलीच. स्नेहलच्या फ्लॅटमध्ये अशी जागा कोणती? बाथरूम. नळ सोडून.

१४ मार्च, मिरज

मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाऊण तास. कथा लिहितेय म्हटल्यावर हसल्या. "कथेतली बाई एकदम वेडी तरी होते, नाहीतर एकदम बरी तरी. मधलं कुणी लिहीत नाही."

मधलं कळायला आधी कडा कळल्या पाहिजेत, म्हणून टिपून आणलं. वार पडल्यावर शरीरातली संप्रेरकं झपाट्यानं उतरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक जणींना रडू येतं, दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरत नाही, आठवडे-महिने मुक्काम करतं, ते प्रसूतीनंतरचं नैराश्य. गोव्यातला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या आयांपैकी २३ टक्क्यांना ते आढळलं. आणि हजारात एक-दोघींना भ्रम, भास, झोपच नाही असं होतं, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. तिथं वाट पाहायची नसते, त्याच दिवशी दवाखाना.

त्यांच्याकडे एक प्रश्नावली होती, एडिंबरोची, १९८७ ची. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, तीसपैकी गुण. पहिला प्रश्न मला फार आवडला: गमतीची बाजू दिसते का, हसू येतं का. संध्याकाळी मोहात पडून स्नेहलला ती भरायला लावली, १७ गुण दिले. झोपायच्या आधी पान फाडलं. आकडा आला की वाचक बाईकडे बघायचं सोडून आकड्याकडे बघतो.

राहिलं ते निघताना त्या दारात बोलल्या ते. "रडणाऱ्या बाईला घरचे घेऊन येतात. जिला काहीच वाटत नाही तिला कोण आणणार? ती वेळेवर पाजते, वेळेवर दुपटी बदलते. घरच्यांना वाटतं, किती शहाणी."

म्हणजे स्नेहल रडणार नाही. आतापर्यंत लिहिलेली सगळी रडणी बाद. सहा होती.

२३ मार्च

आशाताई, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या सरकारी आरोग्य स्वयंसेविका, भेटल्या, आमच्याच भागातल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या घरी सहा वेळा जातात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. ('श्यामची आई'त रात्रीही बेचाळीसच. उगाच आठवलं.) वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ बरोबर. बाळाचा श्वास मोजायचा, नाळ बघायची, वजन लिहायचं. आईला ताप आहे का, अंगावरून घाण वास येतो का, दूध पुरतं का.

मी विचारलं, मनाचं काही?

त्यांनी आठवून सांगितलं, "आहे की एक. आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का."

असंबद्ध बोलणारीसाठी रकाना आहे. अगदी सुसंबद्ध गप्प बसणारीसाठी?

आशाताईंना दोष द्यायला हे लिहीत नाहीये. त्या म्हणाल्या, फॉर्म भरून झाला की त्या मुद्दाम पाणी मागतात. बाळंतीण उठून पाणी आणते की आईला हाक मारते, पाणी देताना तोंडाकडे बघते की नाही, ह्यावरून त्यांना पुष्कळ कळतं. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं? कुठल्याच नाही. हा प्रसंग जसाच्या तसा घेतला, त्यांना विचारून.

३० मार्च, पाडवा

गुढी, श्रीखंड, झोप. काम शून्य.

६ एप्रिल

शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' पुन्हा वाचली. १८९२ ची कथा, अमेरिकेतली. नवरा डॉक्टर, प्रेमळ. बायको बाळंत झालेली. वरच्या मजल्यावरची खोली, विश्रांती हाच उपचार. ती चोरून डायरी लिहिते आणि हळूहळू भिंतीवरच्या पिवळ्या कागदात अडकत जाते. कॉलेजात वाचली होती तेव्हा ती भुताची गोष्ट वाटली होती. ह्या वेळी मी बाळ शोधत बसले. अख्ख्या कथेत दोनचार ओळींपुरतं आहे, दुसरीच बाई सांभाळतेय. कथा बाळाकडे बघतच नाही, कारण सांगणारीला तिकडे बघवत नाही. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर!

गिलमनना स्वतःला १८८७ मध्ये नामवंत डॉक्टर वेअर मिचेल यांनी विश्रांतीचा उपचार दिला होता. पुढे १९१३ मध्ये त्यांनी लिहिलं की त्यात जन्मभर लेखणी, कुंचला, पेन्सिल हातात धरू नको असाही सल्ला होता.

हे वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे डॉक्टरही लागत नाही. बाळंतिणीनं वाचू नये, शिवू नये, रडू नये, डोळे जातात. मला हे तिघींनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं होतं.

आणि तरी पाचवीच्या रात्री आपण काय करतो? पाटा-वरवंटा मांडतो, दिवा विझू देत नाही, आणि बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवतो. रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिणार, तिची सोय. म्हणजे ज्या दिवसांत आईला सगळ्यात जास्त भरून येतं नेमक्या त्याच रात्री, जिला लिहायला मनाई आहे तिच्या हाताच्या अंतरावर, घरानं स्वतःहून कागद-पेन ठेवलेलं असतं. दुसरीच कुणीतरी येऊन लिहिणार म्हणून.

प्रसंग चौथा ह्यावरून. रात्री अडीचला स्नेहल तो कागद घेते. काही थोर लिहीत नाही. 'डावी १२.१०, उजवी १.४०, डावी २.२५.' पाजल्याच्या वेळा. सकाळी आई तो कागद बघते आणि कौतुकानं शेजारणीला दाखवते, "बँकेतली आहे ना, हिशेबाला पक्की." बास. सटवाईनं काय लिहिलं हे कुणी विचारत नाही.

१३ एप्रिल

तीन दिवस अडकलेय. स्नेहलला बाळाबद्दल काही वाटत नाही, हे 'वाटत नाही' असं न लिहिता कसं लिहायचं? 'ती शून्य नजरेनं बघत होती' छापाची वाक्यं चार वेळा लिहिली. शून्य नजरेवर मराठीत कायद्यानं बंदी आणायला हवी.

आज दुपारी खालच्या मजल्यावर बारसं होतं, बाराव्या दिवशीच. पाळण्याभोवती बायका. "ते झोपलं का?" "त्यानं दूध ओढलं?" "त्याला उचकी लागली बघ." मग गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आत्यानं कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, भावजयांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. आणि पेढे वाटून होईतो सगळ्या जणी बदलल्या होत्या. "ती हसतेय बघ." "तिला इकडे द्या." कुणी ठरवलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जिना चढताना पाय थांबले. बाळ ते. नावाबरोबर ती. मराठीनं आई होण्याला एक व्याकरण देऊन ठेवलंय आणि मी शून्य नजरा लिहीत बसलेय.

ठरलं. बारशानंतर घरात सगळे 'ती' म्हणतील. स्नेहलच्या मनातलं जिथं जिथं येईल तिथं 'ते' च राहील. 'ते उठलं.' 'त्याला घेतलं.' पानामागून पान. कुठंही स्पष्टीकरण नाही. शेवटाकडे, ती दवाखान्यात निघते त्या रिक्षात, एकदाच 'ती'. कळलं त्याला कळलं. हिंदीत ही सोय नाही, ह्याचा जरा गर्वही झाला.

२७ एप्रिल

विनिकॉट नावाच्या इंग्लिश बालरोगतज्ज्ञाचा, पुढे मनोविश्लेषकही झालेल्या, १९४९ चा लेख. आईला स्वतःच्या बाळाचा, मुलगा असला तरी, पहिल्यापासून तिटकारा का वाटू शकतो याची १८ कारणं ओळीनं दिली आहेत. काही वाचून मोठ्यानं हसले. बाळ तिला बिनपगारी मोलकरणीसारखं वागवतं. तिनं केलेलं चांगलंचुंगलं थुंकतं आणि मावशीकडे मुकाट खातं. सकाळभर जीव नकोसा केल्यावर बाहेर नेलं की परक्या माणसाकडे बघून हसतं, आणि तो म्हणतो, किती गोड आहे!

त्याचं म्हणणं असं की आईला हा राग येतो, तो बाळावर न काढता तिला सोसता येतो, आणि ह्यात विशेष काही नाही. ह्या 'विशेष काही नाही'चा आधार केवढा. कथेत नाव येणार नाही, पण परक्याकडे बघून हसणं घेतलं. आमच्या कथेत तो परका म्हणजे गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस.

११ मे

आज मदर्स डे. सकाळपासून फोनवर गुलाब.

१२ जानेवारीचा नियम मोडला. प्रसंग सातवा लिहिला, एका दमात, आणि तो बनवलेला नाही.

आई विळीवर पालक चिरतेय. गोधडीवर बाळ, चार हातांच्या अंतरावर. स्नेहलच्या डोळ्यांपुढं एक चित्र येतं. काय, ते लिहिलं नाही, लिहिणारही नाही. दुपारी आई पडल्यावर ती विळी जुन्या लुगड्यात गुंडाळते आणि माळ्यावर ठेवते. संध्याकाळी आई शोधते. "मला माहीत नाही," स्नेहल म्हणते.

खणभागातलं घर, २०११, हाच महिना. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. मला खात्री होती की जगात हे चित्र फक्त मला दिसलंय आणि सांगितलं तर पोर माझ्याजवळ ठेवणार नाहीत.

मिरजेच्या डॉक्टरांना फोन केला, 'कथेसाठी' म्हणून. म्हणाल्या, असे नको ते विचार कितीतरी नव्या आयांच्या डोक्यात येतात, आणि त्यांना त्या विचारांचीच भीती वाटते. विचारानं घाबरणारी आई वेगळी. तेच करणं बरोबर आहे असं जिला वाटायला लागलं ती वेगळी, तिला तासभरही एकटं ठेवायचं नाही. मग थोडं थांबून, "तुमच्या नायिकेला भीती वाटते ना?"

हो म्हटलं.

"मग तिला सांगा, चौदा वर्षांनी का होईना, सांगितलं ते बरं झालं."

मी वर्ष कुठं सांगितलं होतं? बोलताना बहुतेक सांगून गेले असेन.

२५ मे

पाऊस वेळेच्या आधीच. पहिला पूर्ण मसुदा, ११,४०० शब्द. चौघांना वाचायला दिला. निवृत्त शिक्षक काका म्हणाले, "आई अशी नसते." भाच्यानं विचारलं, "पण हिला झालंय काय?" (वा!) मैत्रीण म्हणाली विळी काढ, भडक वाटतं. चौथीचा फोन नाही.

८ जून

चौथीचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी, बाळ पाच महिन्यांचं. कथेवर एक शब्द बोलली नाही. "मॅडम, पाजल्याच्या वेळा मीपण लिहायचे" म्हणाली आणि गप्प. मीही गप्प. मग हळूहळू निघालं.

डॉक्टरांचा पत्ता दिला. मिरजेला जायला घरी काय सांगू म्हणाली, तर टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या फोन-मदतीचा, १४४१६ हा नंबर दिला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, कारण सांगून घराबाहेर पडावं लागत नाही. रात्री तिचा मेसेज: 'लागला. बोलले.'

२२ जून, खणभाग

शेक किती दिवस घ्यायचा हे विचारायला आईकडे गेले होते. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, वाच की काय लिहिलंयस ते. सातवा प्रसंग काढला. का तोच काढला, देव जाणे.

वाचून होईपर्यंत तिनं ताटातून नजर उचलली नाही. मग म्हणाली, "माळ्यावर नव्हे. माळ्यावर उजव्या कोपऱ्यात, पाटांच्या मागं ठेवलीवतीस."

"तुला सापडलीवती?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मग?"

"मग काय. राहू दिली. शेजारच्या काकूंकडे जाऊन भाजी चिरून आणायचे. तीन महिने."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

खडे बाजूला काढत राहिली. बऱ्याच वेळानं, "तुझ्या वेळी माझ्या आईनं परसातल्या आडावर फळ्या टाकून घेतल्यावत्या," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

रात्री सातवा प्रसंग पुन्हा लिहिला. आई विळी शोधते ते काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर झाकलेल्या ताटात चिरलेली भाजी. तिसऱ्या दिवशीही. ताट घरचं नाही, कडेला दुसऱ्याच कुणाचं नाव कोरलेलं. स्नेहलच्या लक्षात येत नाही. विळी राहिली.

१३ जुलै

संपादकांचा फोन, वाचून. चांगली आहे, पण शेवट उजळ करता का. वाचकाला काहीतरी घेऊन जाता यायला हवं. निदान 'तिला आता बरं वाटत होतं' एवढं.

अर्धा तास घासाघीस. स्नेहल नवऱ्याबरोबर रिक्षात बसून मिरजेला जाते हे आहेच, आणि ते असायलाच हवं. कारण जायलाच हवं. पण बरं वाटलं की नाही ते बारा हजार शब्दांत येणार नाही, त्याला महिने लागतात. ते म्हणाले, "वाचक वर्षातून एकदा दिवाळी अंक घेतो, ताई." हे मला पटतं, हीच पंचाईत. 'उजळ' म्हणून एक गोष्ट दिली: रिक्षाच्या बाहेर ऊन पडलेलं आहे.

२९ जुलै, नागपंचमी

पाठवली. ११,९६० शब्द.

२४ ऑगस्ट

प्रुफं आली. मुद्रितशोधकानं मनापासून काम केलंय. 'शेगडी' दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं होती तीही पकडली. आणि त्रेपन्न ठिकाणी लाल शाईनं 'ते' चं 'ती' केलंय. समासात एकदा बारीक अक्षरात: 'मुलगी झाल्याचा उल्लेख पान ९ वर आहे.'

शिव्या देता येत नाहीत, तो बरोबर आहे. फोन करून समजावलं तर कथा फोडल्यासारखं होईल. बसले आणि एकेका ठिकाणी लिहीत गेले, 'आहे तसंच ठेवा'. 'आहे तसंच ठेवा'. लेक दोनदा येऊन बघून गेली. चौदाची झाली आता, वाकून वाचते, विचारत काही नाही.

पान ३१. रात्रीचे तीन, बाळाला उचकी लागलीय, थांबत नाही. स्नेहल मोजतेय. 'ते दर वेळी स्वतःच दचकत होतं.' त्याखाली लाल शाईत: 'ती दर वेळी स्वतःच दचकत होती.'

दोन्ही वाक्यं मोठ्यानं वाचली. पुन्हा वाचली. मी 'ती' राखून ठेवली होती रिक्षासाठी, उन्हासाठी, सात पानं पुढे. ह्या माणसानं ती उचकीत टाकली, रात्री तीनला, जिथं कुणी बघत नाही.

पान ३१ वरची दुरुस्ती ठेवली. बाकी बावन्न परत फिरवल्या. रिक्षातलं वाक्य आता उगाच लांबलंय, ते निम्मं केलं, ऊन राहू दिलं. पानं उद्या सकाळी कुरिअरनं.